चार वाजताचं तारण

मत्राहच्या मासळीबाजारामागे
मन्सूर टेलरच्या दुकानावर एक खोली आहे.
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
आम्ही अठरा जण चपला बाहेर काढून तिथे बसतो
आणि मी वही उघडतो.

वही लाल पुठ्ठ्याची, चिपळूणहून येताना आणलेली.
अठरा जणांचे पाच-पाच रियाल
आणि एक पत्र्याचा डबा, ज्यात पूर्वी खजूर होते.
ह्याला कोणी बँक म्हणत नाही.
बँकेत एसी असतो.

व्याज नाही.
जैनब सारंगच्या धर्मात ते बसत नाही.
माझ्यात बसतं, पण ह्या खोलीत
माणसांनाच बसायला जागा कमी.

ती पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहिली.
याकूब सोहारला परांचीवरून पडून सहा महिने झालेले.
कंपनीने त्याचा हिशोब केला,
पाय काही केला नाही.
पोरीची शाळेची फी तुंबलेली.
नव्वद हवेत, म्हणाली.
एक जुना ग्राइंडर, दोन बिडाचे तवे,
आणि नगरपालिकेचा तो कागद,
ज्याच्याशिवाय तवा तापवणं हा गुन्हा.

आमचा एक नियम आहे, मीच केलेला.
तारण काय, हे विचारायचं.
सोनं तिने आधीच विकलेलं.
कानांच्या भोकांत कडुनिंबाच्या काड्या.
"घाडीमामा," ती म्हणाली,
"मी रोज चारला उठतंय.
ह्याच्याशिवाय माज्याकडं काय नाय."

तारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
पहाटे चार.
कोणी हसलं नाही.
भिकू नाचरे तेवढा हसला.

मग होड्या लागायच्या वेळेला
बंदराच्या कोपऱ्यावर घावनांचा वास यायला लागला.
बर्फ फोडणारी पोरं, जाळी ओढून हात सोललेले खलाशी,
शंभर बैशांना एक, उभ्या उभ्या.
काट्यावरच्या म्हाताऱ्या सालेमला
नारळाच्या रसात बुडालेली खापरोळी लागते.
नाव जिभेवर येत नाही,
हवेत बोटाने गोल काढून मागतो.

रमजानात धंदा बसला.
एक हप्ता चुकला, मागोमाग दुसरा.
मी रकाने मोकळे सोडले,
कोणाच्या दारात गेलो नाही.
पण खोटं कशाला बोलू,
तिच्या गल्लीतून फिरलो रात्रीचा,
ग्राइंडर चालतोय का ऐकायला.
दोन रात्री नुसते एसी घरघरत होते.
तिसऱ्या रात्री अडीचला तो बोलला,
दगडावर दगड, ओल्या तांदळातून.
सहरीचे घावन.
तारण दीड तास अलीकडे सरकलं होतं.

भिकूचे साठ अजून येणं आहेत.
त्याने सायकल घेतली, ताकाच्या बाटल्या विकायला.
ऑगस्टात ताक नासलं,
सप्टेंबरात सायकल गेली,
मग भिकूही गेला, गावी की कुठे.
त्याची ओळ मी खोडत नाही.
खोडली तर बुडाला.
न खोडता त्याला नुसता उशीर झालाय.

काल जैनबने शेवटचा हप्ता आणला,
सगळी चिल्लर, रुमालात बांधलेली.
नाणी मोजता मोजता बोटं आंबूस झाली.
वहीवर एक पांढरा ठसा उठला पिठाचा,
तो मी पुसला नाही.
खाली सही केली, मन्सूरने साक्ष घातली,
आणि मग मी अडलो.
बाकीच्यांची बांगडी परत देता येते,
पासबुक देता येतं.
हिचं तारण परत कसं करायचं?

म्हणालो, उद्या जरा झोप गं,
सहापर्यंत तरी.

ती चपला पायात सरकवत होती.
म्हणाली, "तांदूळ भिजत घातलेत, मामा."